हातातलं सोडा, पायाखालचं सोडू नका

(सामुदायिक रेडिओवर झालेलं हे बोलणं. ऐकणाऱ्या मैत्रिणींनी गटात वाचायला मागितलं, म्हणून थोडं आवरून इथं छापत आहोत.)

दुपारची भांडी घासून झाली असतील तर निवांत बसा, नसतील झाली तर घासता घासता ऐका. आज मला भांड्यांबद्दलच बोलायचं आहे. भांडी, लुगडी, डागिने, किल्ल्या, घर, जमीन. जन्मभर आपण हे जमवलं आणि राखलं. आता साठी उलटल्यावर त्यातलं काय सोडायचं, कसं सोडायचं आणि काय अजिबात सोडायचं नाही, हे मी उशिरा शिकले. तुम्ही माझ्याआधी शिकावं म्हणून सांगते.

मी काही मोठी शिकलेली बाई नाही. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातली, वय 64. बचत गटात आहे. गटाच्या बैठकीला एक वकीलताई आल्या होत्या. कागदपत्रांचं मी जे पुढं सांगणार आहे, ते त्यांनी आम्हाला दोन-तीनदा समजावून सांगितलेलं. बाकीचं माझ्याच घरातलं आहे.

सासूबाईंची पेटी

माझ्या सासूबाई 2018 च्या उन्हाळ्यात गेल्या. त्यांची एक पत्र्याची हिरवी पेटी होती. तिला कायम कुलूप आणि किल्ली त्यांच्या कनवटीला. पेटीला कुणी हात लावायचा नाही, असा घरात दंडकच होता.

चौदावा उरकला, पाहुणे गेले आणि आम्ही तिघींनी पेटी उघडली. मी, थोरल्या जाऊबाई आणि नणंद. वरच सहा लुगडी निघाली, कोरी करकरीत. कुणी भाऊबीजेला दिलेली, कुणी नातवाच्या बारशाला. सासूबाईंनी एकही नेसलं नव्हतं. "असू द्या, पुढं होतील," म्हणायच्या आणि विरलेल्या पातळाला ठिगळ लावून नेसायच्या. आम्ही एक लुगडं उलगडलं, तर ते घडीघडीवर चिरत गेलं.

त्याच्याखाली एक पुरचुंडी. आत पाचशेच्या जुन्या बावीस नोटा, म्हणजे अकरा हजार रुपये. 8 नोव्हेंबर 2016 ला त्या नोटा बंद झाल्या आणि 30 डिसेंबर 2016 पर्यंतच बँकेत भरता येत होत्या. त्या दिवसांत मुलांनी त्यांना चार-चारदा विचारलं होतं, "आई, काही असेल तर दे, भरून आणतो." त्यांचं उत्तर एकच, "माझ्याजवळ रं कुठलं काय!" आपल्याजवळ पैसे आहेत हे कळलं तर ते जातील, ही भीती. भीतीपोटी जपले आणि कागदाचे तुकडे झाले. त्या पैशात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असतं. शेवटची दोन वर्षं त्यांना नातवंडं आवाजावरून ओळखावी लागली.

आणि सगळ्यात तळाला पुतळ्यांची माळ. सत्तावीस पुतळ्या.

नणंद म्हणाली, "ही आईनं मला द्यायची म्हणून सांगितलंय." जाऊबाई म्हणाल्या, "आत्यांचं दुखणं मी काढलं, त्या मला म्हणाल्या होत्या." आणि मैत्रिणींनो, मलाही त्या एकदा म्हणाल्या होत्या. शेतातून आम्ही दोघीच येत होतो तेव्हा. तिघींनाही त्या बोलल्या होत्या आणि तिघींपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं. म्हातारं माणूस ज्याच्याजवळ बसेल त्याला आशा लावतं, कारण तेवढ्यानं ते माणूस जवळ राहील असं त्याला वाटतं.

शेवटी माळ तोडली. प्रत्येकीला नऊ पुतळ्या. नऊ पुतळ्यांची माळ होत नाही, त्यामुळं तिघींपैकी एकीच्याही गळ्यात ती कधी आली नाही. त्या दिवाळीपासून नणंद माहेरी यायची थांबली. हेच भाऊबीजेला तिच्याकडं जाऊन यायचे.

यात माझीही चूक आहे. सासूबाई मला म्हणाल्या तेव्हाच मी म्हणायला हवं होतं, "आत्या, हे सगळ्यांपुढं सांगा." मी गप्प बसले. कारण मला माळ हवी होती.

मोडीत गेलेली परात

इतकं डोळ्यांनी बघून मी शहाणी व्हायला हवी होते. पण तसं झालं नाही. आमच्या माळ्यावर तीन हंडे, एक घंगाळ, चार तांबे, दोन कळशा आणि एक मोठी पितळी परात होती. परात माझ्या आईनं लग्नात दिलेली. काठावर माझं नाव आणि 1980 साल कोरलेलं. लग्नकार्यात सगळ्या गल्लीची पुरणपोळीची कणीक त्या परातीत मळली जायची.

पण खरं सांगायचं तर गेली वीस वर्षं ती परात माळ्यावरच होती. पितळेला कल्हई लागते. कल्हईवाला यायचा, भट्टी पेटवायचा, नवसागर टाकून कथलाचा हात फिरवायचा आणि भांडं चांदीसारखं व्हायचं. कल्हई गेली की त्यात आंबट पदार्थ कळकतात. आता कल्हईवाला गावात फिरकत नाही. हंडाही तसाच. नळ दारात आला, प्लास्टिकची टाकी आली, मग पाण्यानं भरलेला पितळी हंडा उचलायचा कुणी?

तीन वर्षांपूर्वी घरावर स्लॅब टाकायचं ठरलं. माळा मोकळा करायचा होता. मी माहेरच्या जत्रेला गेले होते. चार दिवसांनी आले तर हंडे, घंगाळ आणि परात किलोवर मोडीत गेलेली! मुलानं पैसे माझ्या हातात ठेवले. मी ते फेकले. दोन दिवस जेवले नाही. सुनेला नको नको ते बोलले.

तिसऱ्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आत्या, तुम्ही रागवा, पण एक सांगते. मला या घरात येऊन अकरा वर्षं झाली. ती परात कुठली, कुणाची, हे मला कुणी कधी सांगितलंच नाही. नाव कोरलेलं होतं, ते काळं पडलेलं. मला ती दिसली नाही हो, मला फक्त अडगळ दिसली."

मी खूप वेळ गप्प होते. पोरीचं काही चुकलं नव्हतं. परातीची गोष्ट माझ्या पोटात होती आणि माळ्यावर नुसतं पितळ होतं. ज्या वस्तूची गोष्ट पुढच्या माणसाला माहीत नाही, ती आज ना उद्या मोडीतच जाते. मी असताना गेली, नसती गेली तर माझ्या चौदाव्यानंतर गेली असती.

आपल्याच्यानं सुटत का नाही?

मग मी विचार करायला लागले, की मला एवढं का लागलं. गटातल्या बायांशी बोलले. तीन कारणं सापडली.

पहिलं कारण म्हणजे आपण टंचाई बघितली आहे. 1972 चा दुष्काळ पडला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आई खडी फोडायला जायची. घरात लाल मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी. ज्या घरानं ते दिवस काढले, त्या घरातली बाई सुतळीचा तोडा आणि रिकामी बाटलीसुद्धा टाकत नाही. ती कंजूष नाही, तिच्या हाताला ती सवय लागली आहे. सुनांनो, तुम्ही ऐकत असाल तर हे एवढं ध्यानात घ्या.

दुसरं कारण मला परातीनं शिकवलं. सात-बारा मालकाच्या नावावर, घराचा उतारा मालकाच्या नावावर, विजेचं बिल सासऱ्यांच्या नावावर. चाळीस वर्षांच्या संसारात माझं नाव लिहिलेली वस्तू कोणती, तर ती परात. ती मोडीत गेली तेव्हा मला वाटलं, या घरातून माझंच नाव पुसलं. बायका भांड्यांना चिकटतात म्हणून हसतात लोक. पण तिचं नाव दुसरीकडं कुठं लिहिलंय ते विचारत नाहीत.

तिसरं कारण भीती. हात रिकामे झाले तर आपल्याला विचारणार कोण? सासूबाईंची पेटी याच भीतीनं बंद राहिली. ही भीती खोटी नाही. त्याबद्दल पुढं बोलूच. पण या भीतीवर भांड्यांचा उपाय चालत नाही, त्यावर उपाय वेगळा आहे.

तीन ढीग

त्यानंतर मी माझ्या सगळ्या वस्तूंचे मनातल्या मनात तीन ढीग केले. पहिला, रोज वापरायचं. दुसरा, माझ्या हातानं द्यायचं. तिसरा, माझा जीव आहे तोवर सोडायचं नाही.

पहिल्या ढिगाचा नियम सोपा आहे. चांगलं ते वापरा. कोरं लुगडं आजच नेसा, नवी चादर आजच अंथरा, भेट आलेला डबा आज उघडा. सासूबाईंच्या त्या सहा लुगड्यांनी हा धडा दिला. त्या चिरलेल्या लुगड्यांचं मी काय केलं सांगू? धड असलेले पट्टे काढून थरावर थर घातले आणि गोधड्या शिवल्या. नातवंडं त्या पांघरतात. धाकटा विचारतो, "ही पणजीची गोधडी ना?" पेटीतून लुगडं निघालं आणि पोराच्या अंगावर आलं, तेव्हा कुठं ते कामी आलं.

दुसरा ढीग सगळ्यात मोठा. तो करताना मी ज्या गोष्टी पाळल्या त्या अशा.

एका दिवसात सगळं काढायला बसायचं नाही. एक दिवस एक फळी, एक दिवस एक डबा. घरात भांडण झालेलं असताना किंवा घरात कुणी गेलेलं असताना तर हे काम काढायचंच नाही. रागात दिलेलं आणि दुःखात दिलेलं दोन्ही मागून खुपतं.

माळ्यावरचं आधी उतरवायचं आणि ते स्वतः चढून नाही. आपल्या वयात शिडीवरून पाय घसरला की खुबा मोडतो, आणि खुबा मोडला की कितीतरी बायका पुन्हा नीट उठत नाहीत. पायात येणारी पेटी, दारामागं रचलेली पोती, अंधाऱ्या कोपऱ्यातले हंडे हे नुसते जागा अडवत नाहीत, ते म्हातारपणी पाडतात.

देताना गोष्ट सांगायची. उरलेले तांबे मी चिंच लावून घासले आणि लेक, सून, पुतणी यांना बोलावलं. हा तांब्या माझ्या आजीचा, तो पंढरपूरच्या वारीला नेलेला. ही कळशी पहिल्या बाजरीच्या पैशातली. पुतणी म्हणाली, "काकी, मला कळशी पाहिजे." सून म्हणाली, "मला भांडं नको, मला तुमचा पाटा-वरवंटा ठेवायचाय." मला नवल वाटलं. मी ज्याला अडगळ म्हणत होते ते तिला हवं होतं. म्हणून आधी विचारायचं. आणि कुणी "नको" म्हणालं तर रुसायचं नाही. तिचं घर लहान असेल, तिची आवड वेगळी असेल.

एकदा दिलं की दिलं. लेकीनं तांब्यात झाड लावलं तर लावू दे. "मी दिलेली कळशी काढ बघू" म्हणून दरवेळी तपासायला जायचं नाही. देऊनही हात न काढणं, ही सगळ्यात चिवट सवय आहे. माझी अजून पुरती गेलेली नाही.

घरात कुणालाच नको असेल तर बाहेर बघा. आपल्याकडं संक्रांतीला वाण लुटतात. बघा शब्द कसा आहे, आपणच देतो आणि म्हणतो लुटलं! आमच्या गटानं एका संक्रांतीला ठरवलं, बाजारातून प्लास्टिकच्या डब्या आणायच्या नाहीत, घरातली चांगली जुनी वस्तू वाण म्हणून द्यायची आणि तिची गोष्ट सांगायची. आमच्या गटात नवरा गेलेल्या बायकाही वाण लुटतात, त्याही आल्या. कुणी किसणी दिली, कुणी पितळी डबा, कुणी मुलाच्या लहानपणीचं कुंचडं. एवढं हसलो आणि तेवढंच रडलो.

सोन्याचं मात्र असं करू नका. डागिना द्यायचा तर सगळ्यांपुढं द्या, नाहीतर लिहून ठेवा. एकेकीला कानात सांगू नका. त्याचा शेवट मी तुम्हाला सांगितलाच आहे.

किल्ल्या आणि चूल

वस्तू सोडणं त्यामानानं सोपं. "माझ्या पद्धतीनं व्हावं" हे सोडणं अवघड. भांड्याला भांडं लागणारच, आणि एका चुलीवर दोन बायका असल्या की जास्तच लागतं.

मी सुनेबरोबर करार केला. कागदावर नाही, तोंडी. धान्याच्या खोलीची आणि कपाटाची किल्ली तिच्याकडं. आमटीत तिखट किती, कूट किती, मिक्सर लावायचा की पाट्यावर वाटायचं, हे तिचं. तिनं विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर ताट पुढं ओढायचं. पहिले सहा महिने जिभेला आवर घालता घालता माझा जीव गेला. एकदा तिनं भोगीच्या भाजीत गूळ घातला. मी उठून परसात गेले आणि शेळीला पाला टाकत बसले.

पण तडजोड एका बाजूनं होत नाही. एकानंच सोडत राहायचं, त्याला माघार म्हणतात. माझ्याही दोन अटी होत्या. सोप्यातली खिडकीजवळची जागा आणि तिथली माझी पेटी माझी, तिथं कुणी आवराआवर करायची नाही. आणि माझी एखादी वस्तू घराबाहेर जायची असेल, तर मला विचारल्याशिवाय जायची नाही, ती फुटकी बरणी असली तरी. सुनेनं दोन्ही पाळलं. आता पुष्कळदा मीच म्हणते, "ती बरणी टाकून दे गं." विचारलं जातं म्हटल्यावर सोडायला जड जात नाही.

तिसरा ढीग: पायाखालचं

आता नीट ऐका. सोडा, द्या, मोकळं व्हा असं मी मघापासून सांगते आहे. पण हे भांड्या-लुगड्यांचं झालं. डोक्यावरचं छप्पर, जमिनीचा तुकडा आणि स्वतःच्या नावावरचे पैसे हे हातातलं नाही, पायाखालचं आहे. ते जिवंतपणी सोडून देऊ नका.

आमच्या शेजारच्या गावातल्या एका मावशीनं मालक गेल्यावर घर आणि दीड एकर रान मुलाच्या नावानं बक्षीसपत्र करून दिलं. "कधीतरी त्याचंच आहे," म्हणाली. वर्षभरात तिची खाट सोप्यातून गोठ्याच्या पडवीत गेली. मुलगा वाईट होता असं नाही. घरात जागा कमी पडली आणि विचारायची गरज कुणाला उरली नव्हती.

इथं दोन कागदांतला फरक समजून घ्या.

बक्षीसपत्र म्हणजे आजच देणं. घर-जमिनीचं बक्षीसपत्र दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवावं लागतं आणि ते झालं की मालकी गेली. मन बदललं म्हणून आपल्याला ते एकट्यानं मागं घेता येत नाही. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा-बायको, मुलगा-मुलगी, नातवंडं यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे, बाकीचे आकार वेगळे. स्वस्त आहे म्हणून "आई, आत्ताच करून टाकू" असा आग्रह होतो. स्वस्त आहे म्हणून घाई करू नका.

मृत्युपत्र म्हणजे आपल्या पश्चात देणं. आपण आहोत तोवर सगळं आपलंच राहतं. ते साध्या कागदावरही चालतं, त्याला मुद्रांक लागत नाही. आपलं मन ठिकाणावर पाहिजे, आपली सही किंवा अंगठा पाहिजे आणि तो आपण करताना बघणाऱ्या दोन साक्षीदारांच्या सह्या पाहिजेत. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, पण केली तर पुढं वाद कमी होतात. वय जास्त असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडावा. आणि मृत्युपत्र कितीदाही बदलता येतं, शेवटचं जे असेल ते खरं. फक्त एक, जे आपल्या मालकीचं आहे त्याचंच मृत्युपत्र करता येतं.

बक्षीसपत्र करायचंच असेल तर त्यातच लिहून घ्या, की मरेपर्यंत या घरात राहण्याचा हक्क माझा आणि माझं खाणंपिणं, औषधपाणी देणाऱ्यानं बघायचं. 2007 साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्याच्या कलम 23 प्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर ते देणं रद्द करून घेता येतं. ही अट कागदावर असली तर बाजू भक्कम होते. याच कायद्यानं निर्वाहाची रक्कमही मागता येते. अर्ज प्रांत कार्यालयात करायचा. साठ वर्षांवरच्या कुणालाही मदत हवी असेल तर 14567 हा ज्येष्ठ नागरिकांचा मोफत फोन नंबर आहे, तो भिंतीवर लिहून ठेवा.

बँकेत नाव लावलं म्हणजे त्याला दिलं, असा एक गैरसमज आहे. खात्याला ज्याचं नाव लावतो त्याच्या हातात बँक पैसे देते, पण मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव आहे त्याची. म्हणून दोन्ही कागद एकमेकांना जुळतील असे करा. आणि पैसे पेटीत ठेवू नका. अकरा हजारांची पुरचुंडी आठवा.

आणखी एक. ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्यावर, म्हणजे नमुना 8 वर, नवरा-बायको दोघांचीही नावं लागू शकतात. परात गेल्यानंतर मी ह्यांना म्हटलं, "आता माझं नाव उताऱ्यावर लावा." हे हसले, मग अर्ज घेऊन आले. तो उतारा हातात आला, त्या दिवशी परातीचं दुःख अर्धं कमी झालं.

सोडणं आणि सोडायला लावणं

लेकींबद्दलही दोन शब्द. 2005 च्या दुरुस्तीनं हिंदू कुटुंबातल्या लेकीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला. पण बाप गेला की आठ-पंधरा दिवसांत भाऊ हक्कसोडपत्राचा कागद पुढं करतो. "तुला चोळी-बांगडी आहेच की." आणि माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते.

ज्या बहिणीला खरंच नको आहे, जी समजून-उमजून सोडते, तिचं मन मोठं आहे. पण तिला कागद वाचून दाखवला का? किती जमीन आहे ते सांगितलं का? विचार करायला महिनाभर दिला का? हक्कसोडपत्रही नोंदवलं की सहज परत फिरत नाही. या तीन प्रश्नांची उत्तरं "नाही" असतील, तर तिनं सोडलं नाही, तिच्याकडून सोडवून घेतलं. आपण म्हाताऱ्या बायका घरात असतो. आपण आपल्या मुलाला सांगू शकतो, "पंधराव्या दिवशी बहिणीची सही मागू नको." एवढं जरी आपण केलं तरी पुष्कळ.

नऊ पुतळ्या

शेवटची गोष्ट सांगते आणि उठते. मागच्या संक्रांतीला मी माझ्या वाटणीच्या नऊ पुतळ्या रुमालात बांधल्या आणि नणंदेच्या गावाला गेले. तिनं दार उघडलं, पाणी दिलं, बोलली काहीच नाही. मी रुमाल तिच्यापुढं ठेवला. म्हटलं, "वन्सं, आत्यांनी तुम्हाला सांगितलं होतं ते मला खरं वाटतं. मला तेव्हाही खरं वाटलं होतं."

ती रडली. म्हणाली, "वहिनी, मला सोनं नको होतं. आईनं माझं नाव घेतलं होतं, हे तुमच्यापैकी कुणीतरी म्हणायला पाहिजे होतं."

पुतळ्या तिनं ठेवून घेतल्या. आता तिच्याकडं अठरा आहेत. जाऊबाईंच्या नऊ जाऊबाईंजवळ आहेत, तो त्यांचा प्रश्न. मी त्यांना काही म्हणायला गेले नाही. यंदाच्या दिवाळीला नणंद आली, दोन दिवस राहिली. सासूबाईंच्या लुगड्याची एक गोधडी मी तिच्यासाठी ठेवली होती, ती तिनं नेली.

आता तुमच्या गटात हे करून बघा. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातली एक जुनी वस्तू आणा आणि तिची गोष्ट सांगा. ती कुणाला द्यायची ते गटासमोर बोला. घराच्या उताऱ्यावर आणि बँकेच्या पासबुकावर कुणाची नावं आहेत, ते बघून या. ज्यांची साठी झाली आहे त्यांनी मृत्युपत्राचा विचार करा आणि त्यासाठी जाणत्या वकिलाला बैठकीला बोलवा. आणि घरी गेल्यावर पेटीतलं एक कोरं लुगडं काढून नेसा.

बरं, येते मी. राम राम.